तीन फण्या

धनसिंग, वना, निंबा. ही पहिली फणी.

बेबाबाईने भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला अन् ओठातल्या ओठात नावं पुन्हा म्हटली. ओसरीवर फौजदार जेवता जेवता जमादाराला सांगत होता, तारायंत्राच्या तारा कापणारे सगळे आज दिवेलागणीला उचलायचे. स्वयंपाकिणीला काय कळतंय!

बेबाबाईला लिहिता येत नव्हतं. आठवणीचं म्हणाल तर बाजारात जाऊन मीठच विसरून यायची. गिरधरनानांनी तिला आपल्या केळीच्या मळ्यात शिकवलं होतं, "आख्खा घड उचलशी तं कंबर मोडीन. फण्या कर, बाई. तीन-तीन."

नथ्थू, शालिग्राम, सुकदेव. दुसरी. रतिलाल, मोतीराम, खुद्द नाना. तिसरी.

फौजदाराने सगळ्यात आधी घेतलं होतं ते तिच्या धन्याचं नाव. ऐकताच हातातली भाकरी फाटली. पण ते तिने कुठल्याच फणीत बसवलं नाही. जिभेवर ते नाव कधी आलंच नव्हतं. अन् ध्यानात ठेवायला तो काय परका होता? नानांचा मळा वाटेवर. तिथे ओझं उतरवायचं, मग घर गाठून धन्याला पळवायचं.

मळ्यात नानांजवळ वना अन् निंबा बसले होते. पदर पुढे ओढून तिने तिन्ही फण्या घडाघडा म्हटल्या.

"वा वं बेबा! मीठ इसरस, अन् हाई बरं ध्यानात र्‍हायनं!" निंबा हसला.

नाना हसले नाहीत. "आखो कोनी?"

"नही नाना. तिन्ही फण्या पुऱ्या."

"नीट आठव. एखादं सुटनं आशीन."

"एकबी नही सुटनं!" तिची मान ताठ झाली.

नानांनी वनाकडे पाहिलं. वनाने खोपटातला कोयता घेतला. निंबाही उठला. बाकीच्यांना सांगायला निघाले, बेबाबाईच्या मनात आलं. बघता बघता दोघे केळीआड दिसेनासे झाले.

"मीबी निंघस, नाना. घर वाट पाहतस."

"चुडामण घरच शे ना?"

"शेतस." धन्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनही ती लाजली.

"मंग तू आठेच बस." नाना वाट अडवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तारा कापनारा आपला बठ्ठा धा जन, बेबा. जो फितूर, त्यानं नाव पोलिस कसाले घेतीन?"