उष्टी हळद

नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या सोजरबाई कुरुळीच्या चाळीत आल्या, तेव्हा दिपाली मांडवात पाटावर बसली होती. तोंडावर पावडरीचा जाड थर. त्याखाली लेसरने सोललेले गाल होते, आणि ते तिच्या आईखेरीज तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

लाल, पुवाच्या फोडांनी दहावीपासून दिपालीची पाठ सोडली नव्हती. मलमं झाली, काढे झाले, शेवटी चिंचवडला लेसर. अक्षता पडताना तोंड स्वच्छ दिसावं म्हणून शालनबाईंनी लेकीची शेवटची खेप मुद्दाम याच आठवड्यात उरकली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खपल्या आपोआप पडेपर्यंत तोंडाला काही लावू नका, पावडरसुद्धा नको.

हळदीचं शालनबाईंनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्यांच्या माहेरी, लातूरकडे, उष्टी हळद विड्याच्या पानाने नुसती टेकवायचे. राजगुरुनगरच्या या सोयऱ्यांत ती चोळतात, हे त्यांना आत्ता कळलं, सोजरबाईंनी पदर खोचल्यावर.

“आत्याबाई, तोंडाला राहू द्या,” त्या कशाबशा म्हणाल्या. “हातापायाला लावा.”

“नवरदेवाच्या अंगची हळद हाय. तोंडाला न्हाई तर कुठं लावायची?” सोजरबाई थांबल्या. “का? काय झालंय तोंडाला?”

बायकांचं गाणं बंद पडलं. दिपालीने आईकडे पाहिलं. एका वाक्यात सुटली असती पोर. पण ज्योतीरामचं स्थळ फोटोवर जमलं होतं आणि फोटोतले फोड कसे पुसून घेतले होते ते शालनबाईंना माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच शहाणपण त्यांना आयुष्यभर पुरलं होतं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “लावा.”

सोजरबाईंनी दोन्ही तळव्यांनी गाल चोळले. मायेनेच चोळले, हेच वाईट. दिपालीच्या पायाची बोटं पाटावर आवळली गेली. डोळ्यांतून धार लागली तशा बायका एकमेकींना म्हणाल्या, माहेर सुटतंय ना. गाणं पुन्हा सुरू झालं.

“रड गं बाई,” सोजरबाई म्हणाल्या. “आज रडावंच.”

मग हाताला काहीतरी चिकट लागलं म्हणून त्यांनी तळवे मागे घेतले. हळदीत लाल ओघळ होते. बोटाला एक खपली चिकटली होती. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग शालनबाईंकडे. आवाज चढवला नाही. बरोबर आलेल्या करवलीला, नवरदेवाच्या बहिणीला, म्हणाल्या, “मोनिका, दादाला फोन लाव.”

शालनबाई त्यांच्या पायांवर वाकल्या.

“आई,” दिपाली पाटावरूनच म्हणाली, “आता तरी तोंड धुऊ दे.”