आई-बाबांची मुलाखत

शाळेच्या बाकावर बसूनही नवरा-बायकोची उजळणी चालूच होती. लेकीला बालवर्गात घेण्याआधी या शाळेत आई-बाबांची मुलाखत होते, तीही इंग्रजीत.

"अहो, अंब्रेलाच्या आधी ए की ॲन?"

"ए."

"ॲन. महिनाभर घोकून घेतेय. आत असं बोललात तर पोरीचं वर्ष जाईल."

"मग आत तूच बोल. मी आपला छत्री म्हणतो, आजवर कधी भिजलो नाही."

तेवढ्यात बोलावणं आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांच्या ताठ बसण्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ लेकीलाच मराठीत विचारलं, "काय गं, घरी कुठली भाषा बोलता?"

"पाहुणे आले की इंग्लिश. आई-बाबा भांडले की मराठी."

आई पंख्याकडे बघू लागली, बाबा बुटांकडे.

"आणि आज?"

"आज सकाळपासून मराठीच."

बाईंनी हसू दाबत अर्जावर सही केली. "मुलगी घेतली. गणवेशाचं खाली विचारा. आणि तुमचं दोघांचं जे राहिलं असेल, ते बाहेर जाऊन मिटवा. मराठीतच."