कुठे थांबलो होतो
“प्रोसेसर एकेक आज्ञा आणतो, तिचा अर्थ लावतो आणि ती पार पाडतो,” देवधर सर नातीला शिकवत होते. मृणालची उद्या तोंडी परीक्षा होती. “मध्येच दुसरं तातडीचं काम आलं, तर आपण कुठे थांबलो ते आधी लिहून ठेवतो. मगच जातो.”

तेवढ्यात बेल वाजली. तळहातावर पेनाने काहीतरी खरडून सर दाराकडे गेले.

स्वयंपाकघरात वाल सोलणाऱ्या कुमुदताईंचे हात थांबले. डॉक्टरांनी सांगितलेला सरांचा विसरण्याचा आजार त्यांनी सरांपासूनच लपवला होता. आता परत आल्यावर आपण काय शिकवत होतो तेच हे विसरले तर? नातीसमोर?

कुरिअरचं पाकीट घेऊन सर आले आणि टेबलापाशी घुटमळले. कुमुदताई स्वयंपाकघराच्या दारातून पाहू लागल्या. सरांनी तळहाताकडे पाहिलं. “हं, प्रोसेसर! काम झालं की तो थांबला तिथूनच पुढे जातो.”

कुमुदताईंचा जीव भांड्यात पडला. त्या चहा घेऊन गेल्या. कप घ्यायला सरांनी हात पुढे केला. तळहातावर ताज्या शाईत ‘प्रोसेसर’ होतं. त्याखाली, सकाळच्या पुसट अक्षरांत, ‘मृणाल, नात’.

आणि सगळ्यात खाली, ‘कुमुद, बायको’.