धाकटीची चौकशी

"हट्टी आहे," दादा म्हणाला. समोरच्या माणसाने ते लिहून घेतलं, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

भरती कार्यालयाकडून आलेला तो निवृत्त हवालदार दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसला होता. निवड झालेल्यांच्या घरी जायचं, घरच्यांशी बोलायचं आणि नाव ठेवावं की कापावं ते कळवायचं, हे त्याचं काम. मागे दोन खोल्या आणि पुढे दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, एवढंच घर. आई कामाला गेली होती. धाकटी सकाळची पळायला गेली, ती अजून परतायची होती. थोडक्यात, धाकटीचं नशीब आज पहिल्यांदाच दादाच्या हातात आलं होतं, आणि हाताला वंगण लागलेलं होतं.

दादा स्वतः दोनदा भरतीला गेला होता. दोन्ही वेळा छाती मोजायच्या फितीने त्याला घरी पाठवलं. त्याआधी त्याचं मत असं, की गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी, अगदी समोरच्या काकूंनीसुद्धा, बंदूक खांद्याला लावावी. दुसऱ्यांदा परतल्यावर मत पडलं, की सैन्यात आता पूर्वीसारखा राम राहिला नाही. आणि धाकटीचं निवडीचं पत्र आलं त्या दिवसापासून तो पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकांना पटवत होता, की बायकांनी सैनिक होऊ नये. कारणं तीन सांगायचा. चौथं सांगत नसे. आईने ते पत्र दागिन्यांच्या डब्यात ठेवलं होतं. त्याच्या दुकानाचा परवाना अजून पिठाच्या डब्याखाली होता.

"हट्टी म्हणजे कशी?"

दादाने हातातलं चाक फिरवलं आणि सुरुवात केली. पायाला फोड आले तरी पळणं सोडत नाही. भांडखोर तर इतकी, की वाटेत आडव्या आलेल्या एका टग्याचा तिने दात पाडला. हवालदाराने एका ठोशात का, असं विचारलं आणि दादाला नाइलाजाने हो म्हणावं लागलं. पुढे त्याने सांगितलं, की पोरीला खाण्यापिण्याची शुद्ध नाही, शिळंपाकं काहीही चालतं, आणि झोप आली की बसल्या जागी झोपते. हवालदार खुशीत लिहीत होता. आपण ज्याला खोट म्हणतोय ते या कागदावर भलत्याच बाजूला जमा होतंय, हे दादाच्या हळूहळू लक्षात आलं.

मग त्याने ठेवणीतला प्रश्न काढला.

"बाईमाणसाने सैन्यात जावं का? तुम्हीच सांगा."

"ते ठरवणारे वर बसलेत," हवालदार म्हणाला. "मला एवढंच ठरवायचंय, की हिने जावं का."

त्याने फाइलमधला एक कागद वर काढला. एक्स-रेमध्ये खांद्याचं हाड पूर्वी मोडल्याचं दिसत होतं. हाड पक्कं जुळलं होतं, त्याचं काही नव्हतं. पण अकराव्या वर्षी गच्चीवरच्या टाकीवरून पाय घसरून पडले, असं पोरीने लिहिलं होतं आणि डॉक्टर तिथेच अडले होते. तिला जायचं होतं डोंगरातल्या चौकीवर. उंचावर जिला चक्कर येते तिला तिथे पाठवता येत नाही. पाय घसरला की डोळे फिरले, हे घरच्यांनाच ठाऊक असणार.

चाक अजून फिरत होतं. दादाने ते हाताने थांबवलं. त्याला गणवेशातली धाकटी दिसली. तिचा फोटो दिसला, आणि तो रोज पदराने पुसणारी आई दिसली. सुट्टीवर आलेल्या धाकटीशी बोलायला गिऱ्हाइकं सायकल सोडून आत जाताना दिसली. एका शब्दाचं तर काम होतं. कोणाला कळणारही नव्हतं.

"येते," तो म्हणाला. "उंचावर गेली की तिला चक्कर येते."

हवालदाराने पेनाचं टोपण काढलं आणि लगेच लिहिलं नाही.

मग नाव कापावंच लागेल, तो म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. या अर्जात शेवटी एक प्रश्न असतो, त्याने सांगितलं. जिवावर बेतलं तर आपल्या मागे कोण उभं असावं? पोरं तिथे मोठमोठ्या सेनापतींची नावं लिहितात. एवढं बोलून त्याने कागद दादाकडे फिरवला.

धाकटीचं किरटं अक्षर होतं. 'माझा दादा. मी टाकीवरून पडले तेव्हा त्याने मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत पळत नेलं. वाटेत एकदाही थांबला नाही.'

दादाने ते दोनदा वाचलं. खोटं एक अक्षर नव्हतं. तो खरंच थांबला नव्हता. छातीचा भाता झाला होता, धाकटी मानेवर रडत होती आणि तो पळत होता. हे तिने लिहिलं होतं. त्याच्या आधीचं तिने आईला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, आणि आता अर्जातही लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत भांडताना एकदाही ते तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. त्याला वाटायचं, पोर विसरली असेल.

हवालदाराचं पेन कागदावर टेकलं.

"कापू नका," दादा म्हणाला. त्याने हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. "तिला चक्कर येत नाही. तेव्हाही आली नव्हती. ती माझ्याआधी वर पोचली, म्हणून मी खालून शिडी काढून घेतली होती."