मागची सीट

"पप्पा, थांबा ना, मी सोडतो," सम्यक म्हणाला. पण हातातला पाइप त्याने खाली ठेवला नाही.

भगवानराव जिना उतरून पार्किंगमध्ये आले होते. एक हात बायकोच्या, शकूच्या खांद्यावर. दुसऱ्या हातात घडी केलेली प्लास्टिकची पिशवी. कपाळावर घाम होता. पण डोंबिवलीत मे महिन्यात घाम कोणाला नसतो?

"नको, ओली आहे गाडी," ते म्हणाले. "पित्त झालंय नुसतं. रिक्षाने जाऊन येतो डॉक्टरकडे."

शकूने मुलाकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण भगवानरावांनी तिचा खांदा दाबला. दोघं हळूहळू गेटकडे निघाली.

सम्यकने पुन्हा आग्रह केला नाही. रविवारची सकाळ गाडीची असायची. एमआयडीसीतून येणारी काळसर पूड आठवडाभर बॉनेटवर बसायची आणि कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडायचे. म्हणून आधी पाणी, मग शाम्पू, मग पुन्हा पाणी. बाहेरचं झालं की आतलं. त्याने मॅट काढून कठड्यावर वाळत टाकल्या आणि व्हॅक्युम सुरू केला. त्या आवाजात गेटबाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

हिवाळ्यात कळव्याचं एक लग्न आटपून परत येताना भगवानरावांना मागच्या सीटवर उलटी झाली होती. तेव्हा गाडी अगदी नवी होती. सम्यक इथेच, वॉचमनच्या देखत ओरडला होता, "लहान आहात का? आधी सांगता येत नाही?" भगवानराव वर गेले. घरातून बादली आणून स्वतःच सीट पुसायला लागले. "राहू द्या, अजून पसरवाल," म्हणत सम्यकने त्यांना बाजूला केलं होतं. पुढे वास गेला. सम्यक विसरलाही. पप्पा त्यानंतर गाडीत बसत नाहीत, हे त्याला दिसत होतं. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

डॅशबोर्ड पुसत असताना फोन वाजला. आई होती.

"सम्यक, हॉस्पिटलमध्ये ये. लगेच ये."

तो मॅट तिथेच टाकून निघाला. पोचला तेव्हा शकू बाकावर बसलेली होती. पदर ओला होता. पडद्यामागून बाहेर आलेल्या डॉक्टरने त्याच्याकडे पाहून मान हलवली.

"हार्ट अटॅक होता. आणलं तेव्हाच सगळं संपलेलं. थोडं आधी आले असते तर..."

"रिक्षाच मिळेना रे," शकू म्हणाली. "नाक्यापर्यंत चालवलं मी त्यांना. कितीदा म्हटलं, मागे फिरू, सम्यकला सांगू. ऐकलंच नाही."

सम्यकला तिच्या शेजारी बसवेना. तो बाहेर आला. दाराशी एक रिक्षा उभी होती. रिक्षावाला बाटलीतलं पाणी ओतून मागची बाजू धूत होता. शर्टाची बाही कोपरापर्यंत माखलेली होती. सम्यक जवळ जाऊन उभा राहिला. पुढे होऊन तोही हाताने सीट पुसायला लागला.

"अहो, राहू द्या, कशाला हात घाण करता?" रिक्षावाला म्हणाला. "काका कसे आहेत?"

सम्यकने नुसती मान हलवली. रिक्षावाल्याच्या हातातली बाटली थांबली.

"अरेरे," तो म्हणाला. "तुम्ही शेजारचे का? त्यांच्या पोराला कळवलं ना?"

सम्यक सीट पुसत राहिला.

"सगळ्या रस्त्यात मला सॉरी सॉरी करत होते हो. पिशवी धरलेली तोंडाशी, पण हाताला जोरच नव्हता. मी म्हटलं, काका, बिनधास्त करा, धुता येते रिक्षा. तुमच्या पोराच्या गाडीत झाली असती, तर तो काय बोलला असता का?"

"मग?" सम्यकने विचारलं.

"हसले. म्हणाले, छे! त्याने तर ओंजळ पुढे केली असती."