फणसाचा चीक

देवरहाटीतली, देवाच्या नावानं राखलेल्या राईतली झाडं तोडून मोठं देऊळ बांधायचं चाकरमान्यांनी ठरवलं. राहिला होता तो देवाचा कौल. रावजी गुरवाने पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. राईतली वाळकी काटकीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय कुणी उचलत नसे; गावाचा झरा राईच्याच जिवावर वाहत होता. म्हणून आज रावजीने देवाशी लबाडी केली होती. उजव्या पाकळीखाली फणसाचा चीक होता. पण डावीही हलेना. “पड गं बाय,” तो पुटपुटला. मग चिकट बोटांकडे लक्ष गेलं. हाताला तेल लावायचंच राहिलं होतं. चीक डावीलाही लागला होता. गावचे मुख्य मानकरी, गावकार उठले. “देव गप ऱ्हायला, म्हंजे त्याची ना नाय. करवत चालू करा.” खरं सांगितलं तर उद्यापासून कौल कोण मानणार? रावजीने हात जोडले. ते सुटेनात.