दुमडलेली बाही

विहीणबाई दारात दिसल्या की मृदुलाचा चेहरा खुलायचा आणि कुमुदताईंच्या पोटात दुखायचं.

गॅसचा भडका उडून हात भाजल्यापासून लेक माहेरी होती. जखमा भरल्या, पण कुमुदताईंनी तिला इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती. झोपेत किंचाळली की पाठीवरून हात फिरवला, लांब बाह्यांचे कुर्ते शिवून घेतले. तरी लेक गप्पच. विहीणबाई मात्र रोज दुपारी यायच्या, सुनेची बाही वर दुमडून हाताला खोबरेल चोळायच्या, आणि दोघी खुसखुसत बसायच्या.

आज त्या गेल्यावर कुमुदताईंनी विचारलंच, "मी काय कमी केलं गं? सासू बरी गोड लागते तुला."

"त्या माझ्या हाताकडे बघतात, आई," मृदुला हळूच म्हणाली. "तू तेल लावायचीस तेव्हा भिंतीकडे बघायचीस."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकताच कुमुदताईंनी तेलाची वाटी घेतली आणि बाही दुमडली. कोपराशी कातडी आवळून आली होती. डोळे भरले, पण त्यांनी मान वळवली नाही.

"इथे ओढतंय?"

"जरा वर. हां, तिथेच." आणि मग मृदुला सांगू लागली, त्या दिवशी दूध तापत होतं तिथपासून.

दार वाजलं. विहीणबाई आत आल्या, नेहमीसारख्या पदर खोचत.

"बसा तुम्ही," कुमुदताई हातावरची नजर न काढता म्हणाल्या. "आमचं चाललंय अजून."